गाडीनं जावं की विमानानं? आखणी परतीच्या दिवसापासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातून पाच जण निघणार: तुम्ही दोघं, सात आणि तीन वर्षांची मुलं, आणि ६८ वर्षांच्या तुमच्या आई. थीम पार्क घरापासून साधारण ११०० किलोमीटरवर. हातात एकूण सात दिवस. थेट विमान आहे, पण विमानतळ घरापासून दोन तासांवर. लांब पल्ल्याची गाडी चालवायची सवय फक्त तुम्हाला. पाच तिकिटांचा आकडा बघून छाती दडपली, त्यापुढे पेट्रोलचा खर्च किरकोळ वाटला, आणि म्हणून 'गाडीनंच जावं का?' असं तुम्ही विचारलंत.

कुटुंबांच्या सहली आखून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि हा प्रश्न सुट्ट्यांच्या आधी हमखास येतो. उत्तर आधीच सांगून टाकते: तुम्ही पाच जणांनी, इतक्या अंतरावर, सात दिवसांत जायचं तर विमानानं जावं. ह्याच अंतरासाठी दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला मी बिनदिक्कत गाडी सुचवली असती. म्हणून हे उत्तर कसं निघालं ते जरा खोलात जाऊन सांगते.

बहुतेक घरांत हिशोब मांडला जातो तो जाण्याचा. जाताना सगळेच उत्साहात असतात. पहाटे उठायला मुलं कुरकुरत नाहीत, चालवणारा ताजातवाना असतो, रस्त्यात खोळंबा झाला तरी कुणी चिडत नाही. त्या दिवशी गाडी काय नि विमान काय, दोन्ही निभतं. खरी परीक्षा परतीची. पार्कमध्ये दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. मध्येच तीन वर्षांचं मूल खांद्यावर बसतं. रांगांमध्ये तासन्‌तास उभं राहायचं, रात्रीची रोषणाई आणि आतषबाजी बघून उशिरा झोपायचं, पुन्हा सकाळी दारं उघडायच्या आधी गेटवर हजर. असे दिवस काढलेल्या माणसानं मग ११०० किलोमीटर गाडी चालवायची, आणि पाठीमागे दमलेली, हिरमुसलेली मुलं. म्हणून मी कोणतीही सहल आखताना परतीच्या दिवसापासून मागे मागे येते. त्या दिवशी चालवणारा कोणत्या अवस्थेत असेल, हा माझा पहिला प्रश्न असतो. तिकिटांचे दर मी त्यानंतर बघते.

थकव्याबद्दल आपण फार हलक्यानं बोलतो. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, आणि २४ तास जागरण झालं की ते प्रमाण ०.१० टक्क्यांच्या आसपास जातं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे मोजून दाखवलं आहे. कित्येक देशांत ०.०५ टक्क्यांवर गाडी चालवणं हा गुन्हा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर शंभर मीटरहून जास्त अंतर गाडी कुणीच चालवत नसतं. काच खाली करून वारा घेणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं, ह्या उपायांनी जेमतेम काही मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. झोपेवर उपाय झोपच. सुरक्षित जागी गाडी उभी करून आधी कॉफी प्यायची आणि लगेच १५-२० मिनिटं डोळे मिटायचे. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येते तेव्हा दोन्हींचा फायदा मिळतो. पण तोही तात्पुरताच. त्याच्या जोरावर आणखी चार तास रेटायचे नसतात.

ज्यांचा गाडी चालवणं हाच पेशा आहे त्यांच्यावर कायद्यानं काय बंधनं आहेत ते बघा. युरोपीय संघात ट्रक आणि बसच्या चालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. आठवड्यातून फक्त दोनदा दहा तासांची मुभा आहे. अमेरिकेत मालवाहू ट्रकच्या चालकाला सलग दहा तास सुट्टी घेतल्यानंतरच जास्तीत जास्त ११ तास चालवता येतं. ही सवयीची माणसं आहेत, आणि त्यांच्या मागच्या सीटवर 'अजून किती वेळ?' असं दर दहा मिनिटांनी विचारणारं कुणी नसतं. आदल्या संध्याकाळपर्यंत नोकरीवर असलेल्या आणि रात्री बॅगा भरलेल्या बापानं दिवसाला सहा ते सात तासच गाडी चालवावी, आठ म्हणजे डोक्यावरून पाणी. ही माझी स्वतःची मर्यादा आहे आणि ती मी कुणासाठीही सैल करत नाही.

आता तुमच्या ११०० किलोमीटरचे तास मोजू. नकाशाचं अ‍ॅप तुम्हाला साडेअकरा-बारा तास दाखवेल. त्यात फक्त चाकं फिरण्याचा वेळ धरलेला असतो. लहान मुलं बरोबर असताना दर दोन तासांनी निदान १५-२० मिनिटं थांबायचं, दोनदा जेवायला पाऊण-पाऊण तास, शिवाय नुकतंच थांबून निघाल्यावर दहाव्या मिनिटाला 'शू आली' म्हणून पुन्हा थांबायचं. माझा अंदाज असा की अ‍ॅपच्या वेळेत चौथा हिस्सा मिळवावा, तीन-चार वर्षांचं मूल असेल तर तिसरा. म्हणजे झाले साडेपंधरा ते सोळा तास. पहाटे सहाला निघालात तर रात्री दहाला पोचाल, आणि शेवटचे दोन तास अंधारात, अनोळखी रस्त्यावर, तुमच्या सगळ्यात थकलेल्या वेळी. म्हणून हे अंतर एका दिवसाचं नाही. जाताना दोन दिवस, येताना दोन दिवस. सातातले चार रस्त्यावर गेले, उरले तीन.

इथे कुणीतरी नक्की सुचवतं की रात्रीच निघू, मुलं झोपतील, रस्ता मोकळा असेल, सकाळी थेट पार्कात. मला ही कल्पना अजिबात मान्य नाही. रात्री दोन ते सकाळी सहा ह्या वेळात शरीर झोपेकडेच ओढ घेतं, मग तुम्ही दुपारी कितीही झोप काढलेली असो. दुसरा उतार दुपारी दोन ते चारच्या दरम्यान येतो. आणि समजा सुखरूप पोचलात, तरी सकाळी मुलं पोटभर झोपून टुणटुणीत उठणार आणि आईबाप रात्रभर जागे. तो पूर्ण दिवस, ज्याची तिकिटं काढलेली आहेत, बाकावर बसून डुलक्या घेण्यात जातो.

विमानाचे तासही तितक्याच प्रामाणिकपणे मोजायला हवेत, कारण 'पावणेदोन तासांत पोचतो' हेही खरं नाही. तुमच्याबाबतीत घरापासून विमानतळ दोन तास, उड्डाणाच्या आधी दोन तास, प्रत्यक्ष उड्डाण पावणेदोन तास, उतरून सामान हाती येईपर्यंत पाऊण तास, तिथून हॉटेलपर्यंत एक तास. वर अर्धा तास चुकामुकीचा धरू. एकूण झाले आठ. महत्त्वाचं हे की हे आठ तास अंतरानुसार फारसे बदलत नाहीत. पार्क ५०० किलोमीटरवर असता तरी विमानानं सातेक तास लागलेच असते, १५०० वर असता तर साडेआठ. गाडीचं तसं नाही, तिचा प्रत्येक किलोमीटर मोजूनच द्यावा लागतो. म्हणून ५०० किलोमीटरच्या आत गाडी जवळजवळ नेहमीच सरस ठरते. पाचशे ते नऊशे हा खरा वादाचा पट्टा, तिथे माणसं कोण आहेत त्यावर ठरतं. हजाराच्या पुढे एकच चालक आणि पाच वर्षांखालचं मूल असेल तर मी गाडीचं नाव काढत नाही. विमान बदलून जावं लागत असेल तर मात्र विमानाच्या वेळेत आणखी तीन-चार तास घाला आणि ह्या सगळ्या सीमा तेवढ्या पुढे सरकवा. तुमचं विमान थेट आहे, ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

पैशांकडे वळते, कारण प्रश्न तिथूनच सुरू झाला होता. विमानाचं भाडं डोक्यागणिक वाढतं, गाडीचा खर्च वाढत नाही. गाडीत एक बसो की पाच, पेट्रोल साधारण तितकंच. त्यामुळे पाच जणांच्या घरात गाडी कागदावर नेहमीच स्वस्त दिसते. पण गाडीच्या रकान्यात लोक फक्त पेट्रोल आणि टोल लिहितात. त्यात जाता-येता एकेक रात्रीचा मुक्काम लिहा, चार दिवसांचं बाहेरचं खाणं लिहा, पार्कमधलं आणि हॉटेलमधलं पार्किंग लिहा. २२०० किलोमीटर म्हणजे ऑइल, टायर, सर्व्हिसिंग ह्यांचाही वाटा. छतावर सामानाचा मोठा डबा लावणार असाल तर हायवेच्या वेगाला इंधन १० ते २५ टक्क्यांनी जास्त जातं. विमानाच्या रकान्यातही काही गोष्टी हटकून राहून जातात: बॅगांचे वेगळे पैसे, सगळ्यांना शेजारी बसता यावं म्हणून सीट निवडायचे पैसे, विमानतळापर्यंतची टॅक्सी किंवा आठवड्याचं पार्किंग, आणि उतरल्यावरची वाहतूक.

दोन्ही रकाने पूर्ण भरले की फरक बराच कमी झालेला दिसतो. तरीही तुमच्या बाबतीत गाडी स्वस्तच राहील, हे मी नाकारत नाही. पण बेरजेला एकूण सहलीऐवजी तिथे मिळालेल्या निवांत दिवसांनी भागा. गाडीनं तीन, विमानानं पाच. अर्थात पाच दिवस मिळाले म्हणून पाचही दिवस पार्कची तिकिटं काढायची नाहीत. लहान मुलांसह तीन दिवस पार्क आणि मध्ये एक दिवस नुसता हॉटेलच्या तरण तलावावर, हे मला सगळ्यात पटतं. बहुदिवसीय तिकिटात बहुधा दर दिवसाचा भाव उतरत जातो, पण त्या मोहात पडून मुलांना रोज ओढत नेऊ नका.

पाच माणसांच्या गाडीत एक अडचण असते, जिचा विचार निघायच्या दिवशीच होतो. तीन वर्षांच्या मुलाला स्वतःची चाइल्ड सीट हवी, आणि सात वर्षांच्यालाही बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, हवा. पट्टा गळ्यावर न येता खांद्यावरून आणि पोटाखालून नीट जावा ह्यासाठी मुलाची उंची १३५ ते १५० सेंटीमीटर होईपर्यंत बूस्टर लागतो, आणि सात वर्षांचं मूल सहसा १२० सेंटीमीटरच्या आसपास असतं. ह्या दोन सीट मागे लावल्या की मधली जी जागा उरते ती बऱ्याच गाड्यांमध्ये हातभरसुद्धा नसते. तिथे कोण बसणार? आई बसल्या तर ६८ व्या वर्षी दोन दिवस गुडघे आखडून. त्यांना पुढे बसवून तुमची पत्नी मागे मध्ये बसली तर मुलांची सोय होते, पण तुमच्याशी बोलत राहून तुमच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणारं माणूस पुढून जातं. गाडीचा बेत पक्का करण्याआधी दोन्ही सीट लावून, सगळ्यांना बसवून, निदान एक तास फिरून या. त्या एका तासात बरेच बेत बदलतात. सामान मागच्या काचेपर्यंत रचायचं नाही हेही ह्याच ओघात सांगते. जोराचा ब्रेक लागला किंवा धडक बसली की सुटी वस्तू आपल्या वजनाच्या कितीतरी पट जोरानं पुढे येते, आणि पुढे मुलांची डोकी असतात. जड बॅगा खाली, सीटच्या पाठीला टेकवून. आणि भरलेल्या गाडीच्या टायरला जास्त हवा लागते. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणामागे लिहिलेला असतो.

मुलांच्या तब्येतीचं म्हणाल तर दोन्हीकडे काही ना काही आहेच. गाडी लागण्याचा त्रास दोन ते बारा ह्या वयात सगळ्यात जास्त होतो, म्हणजे तुमची दोन्ही मुलं त्यातच. मान खाली घालून टॅबलेट बघितला की तो वाढतो, समोरच्या काचेतून लांब बघितलं की कमी होतो. म्हणजे ज्या टॅबलेटच्या भरवशावर आईबाप लांबचा प्रवास आखतात, तोच वळणांच्या रस्त्यावर उलटीला कारण होतो. विमानात कान दुखतात ते मुख्यतः उतरताना. लहान मुलांच्या कानापासून घशापर्यंतची नळी अरुंद असते, दाब पटकन सारखा होत नाही. विमान खाली यायला लागतं साधारण अर्धा तास आधी. तेव्हा मूल झोपलं असेल तर उठवा आणि घोट घोट पाणी द्या किंवा चघळायला काहीतरी द्या. सर्दीनं नाक चोंदलेलं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. माझ्या मते अर्ध्या तासाचं कान दुखणं हे दोन दिवसांच्या मळमळीपेक्षा केव्हाही परवडलं.

आईंबद्दल दोन गोष्टी. चार तासांहून जास्त एका जागी बसून राहिलं तर पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. लोक हा विमानाचाच आजार समजतात, पण गाडीत बसून राहिलं तरी तेच होतं. त्यांना दर थांब्याला उतरवून चालवा, बसल्या बसल्या घोटे फिरवायला सांगा, पाणी कमी पिऊ देऊ नका. विमानानं जाणार असाल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागून ठेवा, निदान ४८ तास आधी. चालता येत असलं तरी मागा. विमानतळावरचं लांबलचक चालणं वाचतं आणि पार्कसाठी गुडघे शिल्लक राहतात. पार्कमध्येही दारातच व्हीलचेअर भाड्यानं मिळते, ती पहिल्याच दिवशी घ्या, तिसऱ्या दिवशी नाइलाजानं नको.

आता एक मुद्दा जो मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो: पार्क बसलाय कुठे. थीम पार्कला प्रचंड जमीन लागते, म्हणून तो सहसा शहराबाहेर असतो, आणि तिथे पोचायची वाट प्रत्येकाची वेगळी. वॉल्ट डिस्ने १९६३ मध्ये विमानातून फ्लोरिडाची पाहणी करत होते. ऑर्लँडोजवळ दोन मोठे हायवे एकमेकांना छेदणार होते, आणि ती जागा त्यांच्या मनात भरली. १९७१ मध्ये तिथे उघडलेलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे, त्यात चार पार्क आहेत, आणि गाडीनं येणाऱ्यांचा विचार मुळातच केलेला आहे. तरी आतल्या हॉटेलात राहिलात तर तिथल्या बस, मोनोरेल आणि हवाई पाळण्यांवर सगळं निभतं. उलट पॅरिसजवळच्या डिस्नेलँडला, १९९२ मध्ये ते उघडलं तेव्हापासून, रेल्वे पार आत नेलेली आहे; आज मोठ्या विमानतळावरून वेगवान रेल्वे दहा-बारा मिनिटांत पार्कच्या दारात सोडते. तिथे स्वतःची गाडी नेली तर ती पार्किंगमध्ये उभीच राहते. टोकियो आणि हाँगकाँगचे डिस्नेलँडही असेच, स्टेशन दाराशी. जर्मनीतलं युरोपा-पार्क मात्र रुस्ट नावाच्या लहानशा गावात आहे, हायवेला त्याच्या नावाचा स्वतंत्र फाटा आहे, आणि तिथे गाडीनं जाणं सगळ्यात सोपं. इंग्लंडमधलं अल्टन टॉवर्सही खेड्यात, दाराशी रेल्वे नाही.

म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी एवढंच शोधा: विमानतळावरून हॉटेलला आणि हॉटेलवरून पार्कच्या दाराला गाडीशिवाय जाता येतं का? येत असेल तर विमानाचं पारडं जड. येत नसेल तर उतरून भाड्याची गाडी घ्यावी लागेल, आणि मग विमानाचे सगळे खर्च अधिक गाडीचे निम्मे खर्च असं दुहेरी ओझं पडतं. शिवाय भाड्याच्या गाडीबरोबर मिळणारी चाइल्ड सीट किती जुनी, कधी अपघातात सापडलेली आहे का, काही कळत नाही. आपलीच न्या, बऱ्याच विमान कंपन्या ती सामानात फुकट घेतात, फक्त आधी विचारून ठेवा.

तीन वर्षांच्या मुलाला दुपारी झोप लागते हे विसरू नका. साडेबाराला पार्कमधून बाहेर, तीनेक तास हॉटेलात, चारला परत, असा दिवस आखला तर संध्याकाळ सुखात जाते. ह्यासाठी हॉटेल दारापासून चालत अंतरावर हवं. लांबच्या स्वस्त हॉटेलात उतरलात तर दुपारी परतणं होतच नाही आणि पाच वाजता मूल रस्त्यात लोळण घेतं. पैसे वाचवायचेच असतील तर एक रात्र कमी करा, पण हॉटेल जवळचं घ्या.

विमानाचे काही बारकावे पटकन सांगते. शक्य असेल तर सकाळचं पहिलं विमान घ्या. दिवसभरात उशीर साचत जातो, पहिल्या फेरीला तो सगळ्यात कमी लागतो. ज्या दिवशी पोचायचं त्या दिवसाचं पार्कचं तिकीट काढू नका, कारण हल्ली बऱ्याच पार्कांची तिकिटं तारखेला बांधलेली असतात आणि विमान रखडलं तर तो दिवस बुडतो. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मूल मांडीवर बसू शकतं, त्यानंतर त्याला स्वतःची सीट लागते, तेव्हा तुमच्या तिघा मोठ्यांसारखीच दोन्ही मुलांचीही तिकिटं लागणार, त्यात काही सूट धरू नका. औषधं, एक जोडी कपडे आणि मुलाचं लाडकं पांघरूण हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत, सामानात टाकलेली चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची चालते, म्हणजे २०,००० एमएएचची नेहमीची असते ती बसते.

गाडी मी कुणाला सुचवते तेही सांगायला हवं, नाहीतर मी गाडीच्या विरोधात आहे असं वाटेल. चालवणारे दोघं असतील आणि दर दोन तासांनी बदलणार असतील. मुलं आठ-नऊच्या पुढची असतील. वाटेत एखादा किल्ला, धबधबा, नातेवाइकांचं घर असं खरोखर थांबण्यासारखं काही असेल, म्हणजे ते दोन दिवसही सुट्टीतच जमा होतील. हातात सातऐवजी दहा दिवस असतील. किंवा घरात कुणाला खास उपकरणं, खास आहार, औषधांचं सामान बरोबर लागत असेल. अशा कुटुंबांना स्वतःच्या गाडीसारखी सोय नाही. विजेवर चालणारी गाडी असेल तर बॅटरी दर वेळी ८० टक्क्यांपर्यंतच भरा, पुढे वेग मंदावतो. थंडीत आणि हायवेच्या वेगाला पल्ला घटतो, तो आधीच वजा करून थांबे ठरवा. लहान मुलांबरोबर हे थांबे फारसे खुपत नाहीत, एरवीही थांबणारच असता. पर्यावरणाची काळजी असणाऱ्यांसाठी: भरलेल्या गाडीतल्या प्रत्येक माणसामागे होणारं उत्सर्जन विमानापेक्षा बरंच कमी असतं. हा गाडीच्या बाजूचा खरा मुद्दा आहे आणि मी तो कधी लपवत नाही. त्याच्याच शेजारी हेही ठेवते की किलोमीटरमागे जिवाचा धोका बघितला तर प्रवासी विमान रस्त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

काही ठिकाणी मधली वाट आहे ती म्हणजे आगगाडी. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लॉर्टनहून फ्लोरिडातल्या सॅनफर्डपर्यंत अशी रात्रीची गाडी धावते जिच्यात तुमची मोटार मागे चढवतात आणि तुम्ही पुढे डब्यात झोपता. जवळजवळ १४०० किलोमीटर कुणालाही स्टीअरिंग धरावं लागत नाही. युरोपातही काही रात्रीच्या गाड्यांवर मोटारी नेता येतात. तुमच्या मार्गावर साधी रात्रीची रेल्वे जरी असली तरी ती विमानाच्या जोडीनं नक्की तपासा. मुलांना ती विमानाहून जास्त आवडते. आणखी एक सुचवणी ऐकू येते, की एकानं सामान घेऊन गाडीनं जावं आणि बाकीच्यांनी विमानानं. ती मला पटत नाही. एकटा चालवणारा हाच सगळ्यात लवकर पेंगतो.

तर तुमचे सात दिवस मी असे लावेन. पहिल्या दिवशी सकाळच्या विमानानं निघून दुपारपर्यंत हॉटेल, संध्याकाळी नुसता फेरफटका. दुसरा आणि तिसरा दिवस पार्क. चौथा पूर्ण विश्रांती. पाचवा पुन्हा पार्क, त्या दिवशी रात्रीची आतषबाजी बघून घ्या. सहाव्या दिवशी दुपारचं परतीचं विमान, सकाळचं नको, म्हणजे कुणाला अर्धवट झोपेत उठवावं लागणार नाही. परतताना उशीर झाला तरी पुढे काही बुडत नाही. उतरल्यावर विमानतळापासून घरापर्यंतचे दोन तास स्वतः चालवू नका, टॅक्सी सांगून ठेवा. सातवा दिवस घरी, धुण्याचा आणि झोपेचा.

आणि तिकिटांचा आकडा काही केल्या झेपतच नसेल, तर गाडीनं जा, पण माझ्या अटींवर. जाताना दोन दिवस, मुक्काम आधी बुक केलेला, चार वाजेपर्यंत तिथे पोचायचं. पार्क दोनच दिवस, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी. पाचव्या दिवशी कुठेही जायचं नाही. चालवणाऱ्यानं दुपारी झोपायचं, रात्री नऊला दिवे बंद. सहाव्या दिवशी सकाळी नाश्ता करून निघायचं, सातव्या संध्याकाळी घर. पार्क बंद झाल्यावर रात्रीच निघून एक मुक्काम वाचवायचा विचार कुणी मांडला तर तिथल्या तिथे नाही म्हणा. आठव्या दिवसाची रजाही आत्ताच टाकून ठेवा.